सईदभाईंचा फोटो

अण्णा, मी निघाले त्या दिवशी विमानतळावर तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. बॅगांची कुलपं तेवढी पुन्हा पुन्हा ओढून बघत होता. आत जायची वेळ झाली तेव्हा आईकडे बघत म्हणालात, "जो मुलगा अजून भावाची वाट बघतोय, तो हिला वाऱ्यावर सोडणार नाही." अफगाण जावई तुम्ही पत्करलात तो या एकाच गोष्टीवर.

नासिरला पुण्यात शिकायला पाठवलं ते सईदभाईंनी. थोरले भाऊ, गावच्या शाळेत मास्तर. नासिर दुसऱ्या वर्षाला असताना एका कमांडरच्या माणसांनी त्यांना नाक्यावर बसमधून उतरवलं आणि त्यानंतर ते कुणाला दिसलेच नाहीत. प्रेत मिळालं नाही, म्हणून सासूबाईंनी त्यांच्यासाठी मृतांची दुवा कधी मागू दिली नाही. त्या गेल्यावर नासिरनं तो नेम इथं अमेरिकेत, एडिसनला चालवला. ईदला सगळ्या गेलेल्यांची नावं घ्यायचा, सईदभाईंचं सोडून. फोटो हॉलमध्ये, हार न घातलेला. आपली मंडळी विचारायची, हे कोण? मी सांगायचे, माझे दीर, यायचे आहेत.

तो कमांडर आता पुढारी झालाय. दाढी बारीक, सूट कडक. देशाबाहेर राहून पक्ष चालवतो, यूट्यूबवर लोकशाही समजावून सांगतो आणि अमेरिकेतल्या अफगाण घरांमध्ये जेवत फिरतो. मार्चमध्ये तो आमच्याकडे येणार असं नासिरनं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, माझ्या घरात तो पाऊल टाकणार नाही.

"एकदाच येऊ दे," नासिर म्हणाला. "सईदभाईंचं काय केलं ते मी विचारतो. दुसरं कोण सांगणार आहे?"

एवढ्यासाठी मी दोन दिवस राबले. ओक ट्री रोडवरून मटण आणलं, पुलाव केला, ऑफिसचं एक प्रेझेंटेशन कॅन्सल केलं. पाहुणे यायच्या आधी हॉलमध्ये गेले तर भिंतीवर नुसता खिळा. फोटो ड्रॉवरमध्ये, टेबलक्लॉथखाली पालथा. खरं तर तेव्हाच गॅस बंद करायला हवा होता.

कमांडर पोटभर जेवला. माझ्या हाताची तारीफ केली. पक्षाला शिकलेली माणसं हवीत, शिक्षणाचं काम नासिरनं बघावं, म्हणाला. नासिरचा चेहरा शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा झाला होता. मग त्यांच्या रीतीप्रमाणे जेवणानंतर कमांडरनं हात पसरले आणि या घरातल्या गेलेल्यांसाठी दुवा मागितली. नासिरनंही हात पसरले. सईदभाईंना न वगळता आमीन म्हणाला.

मी चहाची किटली घेऊन उभी होते. मी स्वतः विचारू शकले असते, पण भाऊ त्याचा होता आणि शब्दही त्यानंच दिला होता. मी मराठीत म्हटलं, "नासिर, विचार ना."

बाई काय म्हणतायत, असं कमांडरनं त्याला विचारलं. नासिर फारसीत म्हणाला, "आणखी चहा घ्याल का, विचारतेय."

एकवीस वर्षांच्या संसारानंतर मला एवढी फारसी नक्कीच येते. कमांडरनं पेला पुढं केला. मी ओतला. त्या दोघांपेक्षा मला माझाच राग जास्त येतो.

पाहुणे गेल्यावर नासिर म्हणाला, परत जायचं तर अशांनाच धरून जावं लागेल. तुझं पुणं जिथल्या तिथं आहे, तुला नाही कळायचं. असेल तसं. त्याला गाव हवंय, ते मी रोज बघते. पण फसवलं त्यानं मला, सईदभाईंना, आणि तुम्हालाही.

तुम्ही दर रविवारी विचारता, घरी कधी येतेस. इतकी वर्षं घर म्हटलं की मला नासिरच आठवायचा. जूनचं तिकीट काढलंय, एकटीचं. फोटो हँडबॅगेत घेतेय. अण्णा, सईदभाईंची वाट बघणारं एक तरी घर हवं. हॉलमध्ये एक खिळा ठोकून ठेवा. हार आणू नका.