शब्दांवरचा अंगठा

नव्वदच्या आसपास आम्ही दोघा मित्रांनी जळगावात चित्रकथांचं मासिक काढलं होतं. राक्षसांशी तलवारीने लढणाऱ्या राजकन्येची गोष्ट मी लिहायचो, चित्रं तो काढायचा. वाचकांची पत्रं यायची ती चित्रांबद्दलच. मी ती त्याला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि आतून जळायचो.

एकदा यावलच्या बसमध्ये शेजारी एक गृहस्थ बसले. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, हातात आमचाच अंक. पान उलटण्याआधी ते बोटं धोतराला पुसायचे. मग प्रत्येक चौकटीतले माझे शब्द अंगठ्याने झाकून चित्र बघत बसायचे.

"भाऊ, गोष्ट नाही वाचत?" मी विचारलं.

"चित्रं भारी हायेत," ते म्हणाले. "पन लिहिनाऱ्याले ती पाहवत नही वाटते. जिथं तिथं आपले शब्द आनून ठेवते."

मी कोण ते सांगितलं नाही. पुढच्या अंकातली मोठी लढाई मात्र एकही शब्द न घालता तशीच सोडली. मासिक चालेना, तो अंक शेवटचा ठरला. त्यावर भरपूर पत्रं आली. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, चित्रं बोलतात.