पापणीच्या आतला रंग

लॅबवाल्यांनी तिसऱ्यांदा बाटली परत पाठवली, तेव्हा साहेब स्वतः शेडमध्ये आले. एरवी येत नसत. त्यांना वास सहन होत नसे.

"बाबूराव, हात थरथरतो का आता तुमचा? सांगा तसं. आपण निरोपाचा सत्कार करू."

मी बाटली उजेडात धरली. मेंढीचं रक्त उभं ठेवलं की तांबडं खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं. यात वरचं पाणीपण लालच होतं. रक्त काढताना हात हलला की असं होतं, असं साहेबांचं म्हणणं.

आधी आमचं काम सांगतो. धायरीला शेड, चाळीस मेंढ्या. पाळीपाळीने एकेकीच्या मानेच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं आणि लॅबला द्यायचं. लॅबवाले ते बशीतल्या जेलीत कालवतात. त्यावर माणसाच्या घशातले, जखमेतले जंतू उगवतात. डॉक्टरने तुम्हाला कधी 'कल्चर' करायला सांगितलं असेल, तर एखाद्या मेंढीने तुमच्यासाठी मान दिली असेल. मी चौथी शिकलेलो. हेच काम बावीस वर्षं केलं. माझी बायको हिरा तिथंच झाडलोट करायची.

रक्त काढण्याआधी मेंढीची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघायची. आत लाल असेल तर घ्यायचं, फिकट असेल तर सोडायचं. रोज सकाळी चाळीसच्या चाळीस बघायच्या, हा नियम.

त्या वर्षांत आयटी आलं आणि आजूबाजूच्या शेतांचे प्लॉट पडले. हिरवा चारा मिळेना. साहेबांनी एका कंपनीच्या कॅन्टीनवाल्याशी बोलून रोजचा टेम्पो लावला. कांद्याची टरफलं, शेंडे, नरम पडलेले कांदे. फुकट. मेंढ्यांनी दोन दिवस हुंगलं, तिसऱ्या दिवशी फडशा पाडला.

आठवड्यात पापण्या फिकट व्हायला लागल्या. हिरा झाडता झाडता म्हणाली, "अहो, हे मूत बघितलं का? काळ्या चहावानी हाय."

"तू झाड," मी म्हणालो.

पापणी पांढरी म्हणजे पोटात जंत. माझा बाप हेच सांगायचा, आजा हेच सांगायचा. जंत आतून रक्त पितात. मी सगळ्यांना जंताचं औषध पाजलं. ज्या जास्त अशक्त, त्यांना ताकद यावी म्हणून दोन पाट्या कांदा जास्त टाकला. माझ्या हाताने.

पुढच्या आठवड्यात दोन गेल्या. नंतर चार. उभ्या उभ्या धापा टाकायच्या आणि गुडघ्यावर यायच्या.

शेवटी हिराच बोलली. "माझ्या काळीची पापणी बघा."

काळी ही तिची लाडकी मेंढी, कांद्याला तोंड लावत नसे. हिरा तिला कालव्याच्या कडेची हरळी कापून आणायची. पापणी ओढली. आत डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल.

"जंत असतं तर हिलाच का नाय? ही एकटी कांदा खात नाय."

त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टर मॅडमना बोलावलं. वयाने लहान, पण थेट बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासलं. "कांदा मेंढीच्या पोटात जिरला की त्यातून असं काही तयार होतं, की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बाटलीतल्या पाण्यात आणि लघवीत उतरतोय तो त्यांचाच रंग. जंतांनी रक्त प्यायलं काय किंवा ते आतच फुटलं काय, पापणी पांढरीच दिसते."

साहेब म्हणाले, "आम्ही रोज कांदा खातो. आम्हाला कुठे काय होतं?"

"तुम्ही मेंढी नाही आहात, सर."

औषध विचारलं, तर म्हणाल्या, "कांदा बंद. रक्त काढणं बंद. चांगला चारा घाला आणि वाट बघा."

एकूण अकरा गेल्या. शेडच्या मागे खड्डे मीच खणले. उरलेल्यांसाठी हिरा रोज कालव्यावर जाऊन हरळीचे भारे आणायची. वाटेत दोनदा बसायची.

"दम लागतोय हो."

"ऊन हाय," मी म्हणायचो.

दोन महिन्यांनी शेवटच्या मेंढीची पापणी लाल झाली. त्याच आठवड्यात हिरा शेडमध्ये झाडूसकट खाली बसली, ती उठेना. दवाखान्यात डॉक्टरने अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली. मी मेंढीची ओढायचो तश्शीच. आत कागदासारखं पांढरं.

"किती दिवसांपासून असं आहे?"

ती कालव्याच्या वाटेवर दोनदा बसायची, तेवढंच मी सांगितलं. आतड्यात गाठ निघाली. तिथून रोज थोडं थोडं रक्त जात होतं, वर्षभर तरी असेल म्हणाले. दिवाळीच्या आधी ती गेली.

लॅबने पुन्हा बाटली परत पाठवली नाही. साहेबांनी पगार वाढवला. पुढे आणखी सहा वर्षं मी रोज सकाळी पापण्या बघितल्या. जिने माझी चूक धरली, तिची एकदाही बघितली नव्हती.

अंगठ्याने खालची पापणी ओढायची आणि आतला रंग बघायचा. शिक्षण लागत नाही. तुमच्याकडे मेंढ्या नसतील. घरात माणसं असतील.