उतरवलेली लाट

परबकाका चित्र उलटं टांगून रंगवायचे. मुलुंडच्या आमच्या नव्या फ्लॅटच्या दारावर लावायची नावाची पाटी रंगवून घ्यायला मी पहिल्यांदा त्यांच्या नाहूरच्या चाळीतल्या खोलीत गेलो, तेव्हा भिंतीवर एक भलीमोठी निळी जपानी लाट डोक्यावर उभी होती. तिच्यासमोर स्टुलावर बसून एक वाळकेसे गृहस्थ तिच्यात पांढरा फेस भरत होते. मी आपलं शहाणपण पाजळलं, "काका, चित्र उलटं लागलंय." मान न वळवता ते म्हणाले, "चित्र बरोबर हा. बघणारो उलटो हा."

काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम जवळजवळ संपलं. त्याच सुमारास एका दातांच्या डॉक्टरांनी त्यांना जुनं कॅलेंडर दिलं. बारा महिने, बारा जपानी चित्रं. लाकडावर कोरून, ठसे उमटवून छापलेल्या जुन्या चित्रांचे ते फोटो होते. काकांनी पुढची सगळी वर्षं ती बारा चित्रं हाताने पुन्हा पुन्हा उतरवण्यात घालवली. त्यांच्याकडे ना फळी, ना ठसा. मूळ छपाईत लाकडाच्या रेषा कागदावर उमटतात, त्याही ते कोरड्या ब्रशाने एकेक करून ओढायचे. कोपऱ्यातली जपानी अक्षरं वाचता येत नसूनही त्यांतला एक फराटा कमी-जास्त व्हायचा नाही.

उलटं कशाला, असं मी विचारलंच. "सुलटा ठेवला की मन शाणपणा करता," ते म्हणाले. "लाट दिसली की म्हणता, ही माका म्हायती हा. आणि मगे हात आमच्या गावची लाट काढता. उलटा असला की नुसती रेघ दिसता." कुणी "काय सुंदर काढलंय" म्हटलं की ते लगेच दुरुस्त करत, "काढूक नाय हां, उतरवलंय." आणि चित्र पुरं झालं की ते सुलटं करून खालच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोनी लाल शिक्का मारत. खोडरबर कोरून त्यांनीच तो केला होता. लांबून जपानी वाटे. जवळ गेलं की वाचता येई: नक्कल.

हा शिक्का मारल्याशिवाय त्यांनी एकही चित्र हातावेगळं केलं नाही. एका हॉटेलवाल्याला शिक्का नको होता, तर काकांनी चित्र गुंडाळून परत आणलं. काकू वैतागल्या, पण सगळ्या चाळीला ही गोष्ट त्यांनीच कौतुकाने सांगितली.

मी पाटी घेऊन गेलो तो पुढे दर रविवारी जातच राहिलो. मधे कंपनीने मला तीन आठवडे जपानला ट्रेनिंगला पाठवलं. परत आल्यावर काकांनी एकच विचारलं, "थंयची लाट तशीच असता काय रे?" समुद्र बघायला वेळच झाला नव्हता. मी चॉकलेटं पुढे केली.

आमच्या वास्तुशांतीला काकांनी मला ती लाट भेट दिली. दोन महिने खपून उतरवलेली. आठ दिवस आधी आणून दिली, फ्रेम करून घे म्हणाले. फ्रेमवाल्याने चित्राभोवती पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट ठेवून बघितला आणि म्हणाला, "साहेब, हा शिक्का झाकला जाईल. थोडा बाहेर घेऊ?" मी म्हणालो, "राहू दे. उलट अजून जरा आत घ्या." घरात बरं दिसावं म्हणून, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं.

वास्तुशांतीला ऑफिसचे साहेब आले. लाटेसमोर थबकून म्हणाले, "वा! जपानहून आणलंस वाटतं?" मी "हो" म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी एक गल्ली रचली, गल्लीत एक दुकान रचलं, दुकानात एक म्हातारा जपानी कारागीर बसवला. हे सगळं सांगून मी वळलो, तर तीन पावलांवर हातात जिलबीची बशी घेऊन काका उभे. साहेबांनी सहज विचारलं, "काका, तुम्हाला चित्रांची आवड दिसतेय?" काका म्हणाले, "छे हो. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. यातलं मला काय कळतंय?"

त्यांच्या तोंडून इतकं स्वच्छ पुस्तकी मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "घर झकास झाला हां."

त्यानंतर मी नाहूरला गेलो नाही. आधी काम होतं, मग तब्येत बरी नव्हती, मग इतके दिवस गेलो नाही म्हणून जायची लाज वाटू लागली. काकांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये असल्याचं सांगितलं. एकदा तर मी टीव्ही बघत होतो. दीड वर्षाने कळलं ते काका गेल्याचं.

बाराव्याला गेलो. काकूंनी मला बाजूला घेतलं आणि कागदाच्या पुडीतून तो लाल खोडरबर माझ्या हातावर ठेवला. "वास्तुशांतीक तुझ्या चित्रावर शिक्का दिसूक नाय, म्हणून मी त्या दिवशीच ह्यांका विचारलंय. तर म्हणाले, 'मारूचो रवलो माझ्याकडून.' शेवटपर्यंत मनाक लावून घेतला असतला. तूच मारून घे, बाबा."

मी "हो" म्हणालो. पुन्हा तेच "हो".

घरी येऊन फ्रेम मागून उघडली, माउंट काढला. उजेडातली निळाई थोडी उतरली होती. कोपऱ्यातला शिक्का मात्र काल मारल्यासारखा लाल होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र गुंडाळून नाहूरला गेलो आणि काकूंसमोर उलगडलं. त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. "मारलस? सरळ इलो हां."

"काकू, हा काकांनीच मारला होता," मी म्हणालो. "मी झाकला. लोकांना चित्र जपानचं वाटावं म्हणून. काकांना ठाऊक होतं."

काकू पदराने डोळे न पुसताच म्हणाल्या, "म्हणजे हे माझ्याशी खोटा बोलले."

मी चित्र पुन्हा गुंडाळायला घेतलं.

"सगळ्या संसारात एकदाच," त्या म्हणाल्या. "आणि ता पण तुझ्यासाठी."