धार लावलेली चाळीस हत्यारं

फाइट मास्टरांनी पहिलं हत्यार उचललं, पात्यावरून अंगठा फिरवला आणि लगेच अंगठा तोंडात घातला. आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी अंगठा बाहेर काढून रक्त पाहिलं. मग ते हत्यार टेम्पोत परत ठेवून पाण्याच्या टाकीकडे गेले.

आर्ट डायरेक्टर निखिल सरांनी दुसरं उचललं. मग तिसरं. तेही तसंच. टेम्पोत चाळीस हत्यारं होती आणि चाळीसच्या चाळीस धार लावलेली होती.

"बोथट म्हणालो होतो ना मी?" सरांनी मला विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"हो सर," मी म्हणाले.

हे युसूफ वडगावच्या अलीकडे, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यात घडलं. मे महिना होता. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सकाळी कॉलेज आणि दुपारी मामांच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात काम, असं माझं दीड वर्ष चाललं होतं. मला वेल्डिंग येतं. फार सुंदर येत नाही, पण टाका सुटत नाही. मला याहून बरी येणारी गोष्ट म्हणजे कागदावरचं ड्रॉइंग वाचणं. बारावीला एक विषय होता, त्यातून ती गोडी लागली.

महालिंगमामा ड्रॉइंग वाचत नाहीत. गिऱ्हाईक हाताने हवेत आकार काढतं आणि मामा तो लोखंडात करतात. म्हणून पुण्याहून आलेले निखिल सर कागदांची गुंडाळी घेऊन दुकानात शिरले, तेव्हा मामांनी ती न उघडताच माझ्याकडे दिली.

त्यांना एका वेबसिरीजसाठी हत्यारं हवी होती. गोष्ट अशी की जग संपलेलं आहे. वीज नाही, कारखाने नाहीत, गाड्या नाहीत. उरलेली थोडी माणसं एका जुन्या जिनिंगमध्ये राहतात आणि तिथली विहीर राखतात. पाणी लुटायला टोळ्या येतात. मग ही माणसं भंगारातून हत्यारं करून लढतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखालच्या कमानीचे पाटे, मोटारसायकलची चेन, नांगराचे फाळ, पंपाचे पाईप, जे सापडेल ते.

मी हे मामांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सरांना विचारलं, "लाईटच न्हाई, तर ह्यांनी वेल्डिंग कशावर केलं?"

सरांनी ड्रॉइंगकडे पाहिलं. प्रत्येक हत्याराला वेल्डिंगचे जाड टाके काढलेले होते.

"जनरेटर आसंल त्यांच्याकडं," मामा म्हणाले, "पण डिझेल कुठलं?"

निखिल सर खुर्चीत नीट बसले. मग दोघांचं ठरलं की एकही वेल्डिंग दिसणार नाही. सगळे जोड रिव्हेटचे, तारेचे, नाहीतर नटबोल्टचे. रिव्हेट म्हणजे दोन पत्र्यांतून आरपार घालून दोन्हीकडून ठोकलेला खिळा. सरांना हे फार आवडलं. पुण्यात हे कुणी विचारलं नव्हतं, असं ते दोनदा म्हणाले. ते गेल्यावर मामा मला म्हणाले की हे काम नीट गेलं तर इथून पुढं दुकानात कागदावरची कामं घ्यायची आणि ती मी बघायची. मला तेवढंच हवं होतं. मी ते कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सिनेमाच्या कामात वापरायच्या अशा वस्तूला प्रॉप म्हणतात. प्रॉपचं एकच गणित असतं: कॅमेऱ्यातून भीती वाटली पाहिजे आणि हातात घेणाऱ्याला काही होता कामा नये. कागदावर तसं लिहिलेलंही होतं. पाती बोथट, टोकं गोल. मी मामांना वाचून दाखवलं. ते "बरं" म्हणाले.

पण मामांचं "बरं" मला ओळखता यायला हवं होतं.

आमच्या भागात ऊसतोडीला जाणारी माणसं गावागावांत आहेत. दसरा जवळ आला की दुकानासमोर कोयत्यांचा ढीग पडतो. मामांचा नेम असा की हत्यार दुकानातून धारेशिवाय बाहेर जाणार नाही. कोयता असो, विळी असो, मुलांनी कापडाचे तुकडे कापायला आणलेली कात्री असो. गिऱ्हाइकानं सांगितलं नसलं तरी ते धार लावून देतात. त्याचे पैसे घेत नाहीत.

लाल ऑक्साईडवरून आमचं थोडं वाजलं. केलेल्या लोखंडाला गंज धरू नये म्हणून तो लाल रंग मारतात. मामांना तो सगळ्यांना मारायचा होता. मी म्हणाले, जग संपलं तर रंगाचं दुकानही संपलं. ते त्यांना पटलं. मला वाटलं, मी जिंकले.

डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून आले, तर मामा ग्राइंडरवर बसलेले. ठिणग्या उडत होत्या. सोळा हत्यारं धार लावून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. मी दारात उभी राहिले.

"अशी बोथट कुणाच्या हातात दिली तर मी तोंड कुठं दाखवू?" माझ्याकडे न बघता मामा म्हणाले.

मला तेव्हाच बोलायचं होतं. बोलले नाही. सिनेमावाल्यांना कळणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की मामांनी त्या हत्यारांवर जीव लावून काम केलं होतं आणि ते खुशीत होते. मी हातमोजे घातले आणि उरलेली हत्यारं एकेक करून त्यांच्या हातात देत राहिले.

तर आता जिनिंगच्या आवारात निखिल सर मला सांगत होते की लढाईचं शूटिंग उद्या दुपारी दोनला आहे. तोपर्यंत सुरक्षित हत्यारं आली तर ठीक. नाहीतर ते पुण्याहून रबराची मागवणार आणि शूटिंग दोन दिवस पुढे जाणार. धार लावलेलं एकही सेटवर राहणार नाही. ते रागावले नाहीत, फक्त घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे साडेनऊ झाले होते.

मी टेम्पोतून तसाच माल परत आणला. मामांना सगळं सांगितलं. मी आदल्या दिवशी बघितलं होतं आणि बोलले नव्हते, हेही सांगितलं.

मामांनी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुला मारायचं तर तू मार ग्राइंडर. लावलेली धार काढायला मी न्हाई बसणार."

मी एक हत्यार घेतलं आणि धार काढली. अर्धा तास गेला. पातं बोथट झालं. पण ते कमानीच्या पाट्याचं होतं, तीन किलोच्या वर वजन. मी ते टेबलाच्या कडेवर हळूच टाकलं, तर लाकडाची कपची उडाली. धार गेली तरी ते हाड मोडणारच होतं. ड्रॉइंग वाचताना मी मापं पाहिली, आकार पाहिला, पण वजनाचा विचार केला नाही. ती चूक मामांची नव्हती. माझी होती.

मी मामांना म्हणाले, एकदा जिनिंगमधली लढाईची तालीम बघायला चला. ते नको म्हणाले. जेवण झालं. मी परत म्हणाले. चार वाजता ते माझ्या मागं स्कूटीवर बसले.

जिनिंगच्या आवारात चाळीस बाया उभ्या होत्या. विहीर राखणाऱ्या गावकऱ्यांच्या भूमिकेसाठी आजूबाजूच्या गावांतून घेतलेल्या. बहुतेक ऊसतोडीच्या. हंगाम संपल्यामुळे घरी होत्या. पुढच्या रांगेत सत्यभामाबाई होत्या. तीस वर्षं त्यांच्या हातात मामांच्या दुकानातलाच कोयता. सगळ्यांना तालमीसाठी बांबूच्या काठ्या दिल्या होत्या.

अंगठ्याला पट्टी बांधलेले फाइट मास्टर शिकवत होते. मारायला हात जोरात आणायचा, पण अंगापासून वीतभर आधी थांबवायचा. समोरचा नट आपोआप पडेल. त्यांनी करून दाखवलं. मग सत्यभामाबाईंची पाळी आली. पुण्याचा एक उंच नट त्यांच्यासमोर आरडाओरडा करत धावत आला.

सत्यभामाबाई कमरेत वाकल्या आणि काठी खालून फिरवली. ऊस बुडख्यालाच तोडायचा असतो. काठी नटाच्या नडगीवर बसली आणि मोडली. नट खरोखर पडला. नडगीला पॅड होतं म्हणून बरं.

मास्टर धावत आले. मारायचं नाही, मारल्यासारखं करायचं, असं त्यांनी पुन्हा समजावलं. सत्यभामाबाईंनी मन लावून ऐकलं.

"मास्टर, हात सोडला की लागणारच," त्या म्हणाल्या. "लागू द्यायचं न्हाई, तर मग मारू कावून?"

मागच्या बाया हसल्या. मास्टरांनी अजून तीनदा करून घेतलं. तीनदा काठी नडगीवर बसली. त्यानंतर नटानं पॅड तपासून घेतलं आणि दुसऱ्या कुणाला तरी पुढं जा म्हणाला.

मी मामांकडे बघितलं. ते नटाच्या पायाकडे बघत होते. मग सत्यभामाबाईंच्या हाताकडे.

"ती चुकायची न्हाई," ते म्हणाले. "चल."

दुकानात आल्यावर मामा ग्राइंडरकडे गेलेच नाहीत. कोपऱ्यात धान्याची एक कोठी अर्धवट बनवून ठेवली होती, तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. कोठी म्हणजे ज्वारी साठवायची पत्र्याची मोठी टाकी. तिचं तोंड नुसतं कापून ठेवलं तर धान्य काढताना बायांचे हात चिरतात. म्हणून पत्र्याच्या कडेला तार ठेवतात आणि त्या तारेवरून पत्रा वळवून ठोकतात. कड बोटासारखी गोल होते. हात कितीही वेळा घातला तरी ओरखडा येत नाही.

मामांनी त्या कडेवरून तळवा फिरवला आणि मला म्हणाले, "आपल्याला धार काढायची न्हाई. पातीच पत्र्याची करू. कड अशी वळवून."

मी म्हणाले, कॅमेऱ्यात कड जाड दिसेल. ते म्हणाले, वळलेल्या कडेवर ग्राइंडरची चकती नुसती टेकवू, एक रेघ चमकली की लांबून धारच दिसेल. करून बघितलं. चार पावलं लांब उभी राहिले, तर माझ्याही अंगावर काटा आला. हातात घेतलं तर किलोभरसुद्धा नव्हतं.

मग मी वर्तमानपत्रावर आकार काढले, कापले आणि ते पत्र्यावर ठेवून खडूने आखायला लागले. मामा कापत होते. जुन्या कोठ्या, दुकानांच्या पाट्या, एका कूलरचं अंग. पत्रा जिथं गंजलेला होता तिथं तो आम्ही मुद्दाम वरच्या बाजूला घेतला. मुठीला पाईप, त्यावर सायकलची ट्यूब. त्या संध्याकाळी मामा पहिल्यांदाच माझ्या ड्रॉइंगवर वाकून बघत होते. एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, इथं रुंदी कमी कर, मनगटाला लागंल. मी खोडून परत काढलं.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनपर्यंत एकतीस झाली. चाळीस नाही झाली. मी सरांना तेवढंच सांगितलं. त्यांनी पाच-सहा हत्यारं गालावर, मानेवर घासून पाहिली. फाइट मास्टरांनी आधी दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवला, मग पट्टी बांधलेला. मागच्या रांगेतल्या नऊ जणींना काठ्या द्यायचं ठरलं.

शूटिंग सुरू झालं तेव्हा मी आणि मामा कॅमेऱ्यामागं उभे होतो. टोळी ओरडत आली. बाया विहिरीपुढं उभ्या होत्या. तो उंच नट पुन्हा सत्यभामाबाईंच्याच वाट्याला आला, कारण कॅमेऱ्यात तेच चांगलं दिसत होतं. त्या वाकल्या आणि हात सोडला. पत्र्याचा मोठा आवाज झाला. नट कोलमडला, दोनदा लोळला आणि तसाच पडून राहिला. मी मामांचा हात धरला होता, हे मला नंतर कळलं.

कट झाल्यावर नट उठून बसला. पॅड सरकलं होतं आणि नडगीवर बोटभर लाल वळ होता. रक्त नव्हतं. सत्यभामाबाईंनी जवळ जाऊन तो वळ चोळला आणि त्याला सांगितलं की बाबा, पुढच्या वेळी डाव्या बाजूनं ये, तिकडं माझा हात कमी जातो. त्यानं खरंच तसं केलं.

त्या पहिल्या चाळीस हत्यारांची मामांनी जूनमध्ये खुरपी केली. पेरणीच्या आधी विकून संपली.

त्या कामातून मी शिकले ते एवढंच. मिस्त्रीला न आवडणारी गोष्ट गिऱ्हाइकाच्या वतीनं आपण सांगत बसू नये. मिस्त्रीला घेऊन ती वस्तू जिथं वापरायची तिथं जावं. आता कागदावरची कामं मी बघते. पहिलं काम एका शाळेच्या गेटचं आलं. मुलांनी चढू नये म्हणून मुख्याध्यापकांना वर भाल्यांची रांग हवी होती, ड्रॉइंगमध्ये तशीच होती. मी मामांना घेऊन शाळा भरताना गेले. मुलं गेटवरूनच आत येत होती. मामांनी थोडा वेळ बघितलं आणि भाल्यांच्या जागी गोल पाईप घालायला सांगितला. मुख्याध्यापक अजून आमच्यावर नाराज आहेत. मुलं अजून गेटवरूनच येतात.