फणीताईचा हात

कंडिशनरच्या कारखान्यात तिला सगळे फणीताई म्हणत. वीस वर्षं तिचं काम एकच: केसांची बट चिमट्यात टांगायची, भिजवायची आणि यंत्राची फणी तिच्यातून ओढताना किती जोर लागतो, तो आकडा पडद्यावर वाचायचा. मग त्याच बटेला कंडिशनर चोळायचं, धुवायचं, पुन्हा फणी ओढायची. आकडा निम्म्यावर आला की साहेब खूश. साहेबांना खूश व्हायला तेवढं पुरे.

नव्याने आलेल्यांना ती तोंडपाठ सांगे, "केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात. केस भिजला की फुगतो, खवले उचलले जातात आणि एकमेकांत अडकतात. कंडिशनरमधले कण केसाला धरून बसतात, धुतलं तरी सगळे जात नाहीत. आणि गंमत बघा, जिथे केस जास्त झिजलाय तिथेच ते जास्त बसतात. तेवढा थर चढला की केसावरून केस घसरतो. तरी घरी विंचरताना सुरुवात टोकाकडून करा हं. मुळाकडून ओढाल तर गुंता खाली ढकलत न्याल आणि केस तोडाल."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! हीच बाई घरी स्वतःच्या लेकीला मुळापासून, घड्याळाकडे बघत खसाखसा विंचरायची. लेकीचे केस दाट, कुरळे, कमरेपर्यंत. पोर "आई गं!" म्हणून ओरडली की पाठीत धपाटा. "हलू नकोस, माझी बस चुकेल."

चौदाव्या वर्षी लेकीने न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि कात्रीने केस मानेपर्यंत कापून टाकले. फणीताई रागावली नाही. दुसऱ्या दिवशी बस आरामात मिळाली, आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. त्या बरं वाटण्याची टोचणी तिला पुढे जन्मभर पुरली.

लेक शिकली, दूर नोकरीला लागली. भांडण म्हणाल तर कधी झालंच नाही. फोनवर "जेवलीस?" "हो. तू?" "हो." एवढ्यावर महिने सरत. फोटोत लेकीचे केस पुन्हा वाढलेले दिसायचे आणि फणीताईचे हात नुसते शिवशिवायचे. दिवसभर कुणाकुणाचे केस हाताळताना तिला वाटे, एकदा, फक्त एकदा माझी पोर माझ्याकडे पाठ करून बसू दे.

एक दिवस लेक आली. कामाच्या प्रवासात मधे तीन तास मोकळे होते म्हणून आली. फणीताईने रुंद दातांची फणी आणि कंडिशनरची बाटली सकाळपासूनच टेबलावर मांडून ठेवली होती. जेवणं झाली, लेक न्हाऊन आली. फणीताई धीर करून म्हणाली, "ये, विंचरून देते."

लेकीचा हात आपोआप डोक्याकडे गेला. "नको गं आई. मी करते माझं."

आवाज गोड होता, म्हणून जास्तच लागलं. लेकीने बट वर मुठीत घट्ट धरली, आधी टोकं सोडवली, मग जरा वर, मग आणखी वर. अगदी बरोबर. हे तिला आईने शिकवलं नव्हतं. फणीताईचे डोळे भरून आले आणि तिने भांडी आवरायचं निमित्त काढलं.

लेकीला ते दिसलं असावं. "राहू दे ती भांडी. तुझेच केस बघ किती गुंतलेत," असं म्हणत तिने आईला खुर्चीत बसवलं. तळहातावर थोडं कंडिशनर घेऊन आईच्या विरळ, पांढऱ्या केसांना टोकाशी चोळलं आणि फणी लावली.

"दुखलं तर सांग हं."

असं त्या घरात आजवर कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. फणी लोण्यातून फिरावी तशी फिरत होती, दुखायचा प्रश्नच नव्हता. पण केस ते केवढे! चार बटा झाल्या की संपणार, आणि लेकीची गाडी यायला वीस मिनिटं उरलेली.

"दुखतंय गं," फणीताई म्हणाली. "जरा हळू कर."