पोहरा पाण्यात पडल्याचा आवाज

हेडफोन कानांवर होता, म्हणून मागे माणसं जमलीत हे मला कळलंच नाही. माइक मी दोरीला बांधून आडात सोडला होता आणि वरून सुगंधाबाई पोहरा सोडत होत्या. आधी गडगड्याची करकर, मग बांगड्या, मग पोहरा पाण्यावर आपटला त्याचा गोल, खोल आवाज. इतका स्वच्छ आवाज तोवर मी टेपवर घेतला नव्हता. मी बोटाने खूण केली, अजून एकदा.

सुगंधाबाईंनी दोर हलवला नाही. त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. मी हेडफोन काढला, तेव्हा एक म्हातारी बोलत होती, "बाटवला गं बाई आड. बाटवला."

मी साऊंड रेकॉर्डिस्ट. पडद्यावर जे ऐकू येतं ते टेपवर घेणारा माणूस. मूळचा मालवणकडचा. सातवीत शाळा सुटली, रेडिओ दुरुस्तीचं काम शोधत नगरला पोचलो. तिथे भालेराव पाळकसाहेबांचा छोटा स्टुडिओ होता. प्रार्थनेच्या गाण्यांच्या कॅसेट निघायच्या. साहेबांनी सर्टिफिकेट मागितलं नाही. बंद पडलेला अँप्लिफायर पुढ्यात ठेवला. तो मी चालू केला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. राहायला चर्चमागची खोली दिली, मेस लावून दिली. मी ख्रिस्ती नाही, आणि हो म्हणून त्यांनी कधी सांगितलंही नाही. त्यांचे उपकार मी आजही नाकारत नाही. पुढचं लिहिताना हात अडखळतो तो त्यामुळेच.

साहेबांना सिनेमा करायचा होता. सोळा एमएमचा, म्हणजे लहान फिल्मवरचा, पाऊण तासाचा. जीपमध्ये प्रोजेक्टर टाकून गावोगाव दाखवायचा. गोष्ट येशू आणि शोमरोनी बाईची. भर दुपारी दमलेला प्रभू विहिरीवर बसतो आणि जिच्या हातचं त्याचे लोक पीत नाहीत अशा बाईकडे पाणी मागतो. साहेबांनी ती मराठवाड्यातल्या खेड्यात आणली. बाईला लुगडं, प्रभूला धोतर आणि घोंगडी. रोज सकाळी प्रार्थना झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं झाकण निघायचं नाही. युनिटमध्ये आम्ही नऊ जण. आठ दिवसांचं शूटिंग. कॅमेरा भाड्याचा.

शूटिंग परभणी जिल्ह्यात, वालूरच्या पुढे. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं तिथे अजून राहतात. नामांतराच्या दंगली होऊन चार वर्षं झाली होती. गावाबाहेरच्या वस्तीत दोन घरांच्या भिंती काळ्या होत्या. मी चुलीचा धूर समजलो. पुढे कोणीतरी सांगितलं, ती घरं दंगलीत जाळली होती.

सुगंधाबाई नटी नव्हत्या. मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. शेजारच्या गावच्या, नवऱ्याने टाकलेल्या, बाप्तिस्मा घेतलेल्या. साहेबांनी त्यांना दवाखान्यात बघितलं आणि म्हणाले, हीच. बाईंनी सगळे संवाद ऐकून पाठ केले. त्यांना वाचता येत नव्हतं. एकदा मला म्हणाल्या, पिक्चर माझ्या सासरच्या गावात लागला पाहिजे दादा, त्या लोकांनी बघितला पाहिजे, मंग मी सुटले. त्यांना त्या सिनेमातून एवढंच हवं होतं.

आड माणिकरावांच्या भावकीचा. माणिकराव म्हणजे गावातला मोठा शेतकरी. बोलायला गोड. शाळेची खोली त्यांनीच दिली, बैल दिले. साहेबांनी आडाचं विचारलं तेव्हा मी तिथे होतो. माणिकरावांनी चौकशी केली, बाई कोण. साहेब म्हणाले, आमच्या मिशनमधली. माणिकराव म्हणाले, "करा की शूटिंग. पाण्याचं मात्र तुमी काही बघू नका. पाणी आमचा गडी शेंदून देईल."

आमच्या कोकणात घरागणिक विहीर. पाहुण्याला कोणी पाणी काढू देत नाही, यजमान काढून देतो. मला वाटलं, काय माणसं आहेत. आईला पत्रात लिहिलंसुद्धा, इथले लोक इतके मायाळू की पाणीही आपल्याला शेंदू देत नाहीत.

शॉट कसे लागले ते सांगतो. पोहऱ्यात दगड ठेवून तो आडाच्या कडेखाली हातभर लोंबता ठेवला होता. बाई दोर ओढतात तो हातांचा क्लोजअप. कट. मग गड्याने भरून ठेवलेला घडा बाईंच्या कमरेवर. मधलं पाणी बघणाऱ्याचं डोकं आपोआप भरून घेतं. फिल्म वाचवायला असं करतायत, असं मी समजलो. फिल्म महाग असते.

पण आवाज असा भरून निघत नाही. दगड ठेवलेला पोहरा पाण्यात पडल्यासारखा वाजत नाही. त्यासाठी वाइल्ड ट्रॅक घ्यावा लागतो, म्हणजे कॅमेरा बंद असताना नुसता आवाज घ्यायचा आणि नंतर चित्राला जोडायचा. त्याला शांतता लागते. पाचव्या दिवशी दुपारी जनरेटर बंद होता, युनिट शाळेत जेवत होतं आणि गाव उन्हाला घरात होतं. सुगंधाबाई आडाजवळच्या लिंबाखाली एकट्याच भाकरी खात होत्या. एकट्याच का, हेही मी विचारलं नाही.

मी म्हणालो, बाई, पोहऱ्यातला दगड काढतो, जरा दोनदा पाणी शेंदा.

"साहेबांला इचारलं का?"

"त्यात काय विचारायचं? दोन मिनिटांचं काम."

त्यांनी गावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हात धुतले. "तुमी म्हणता म्हून टाकते, दादा," म्हणाल्या.

दुसऱ्या कोणालाही दोर धरायला लावता आला असता. मीच ओढू शकलो असतो. पण हात ज्याचे, बांगड्या त्याच्या, ओढण्याचा ताल त्याचा, असं मी माझं मीच शिकलो होतो. साहेब खूश होतील एवढंच डोक्यात होतं.

माणिकराव आले ते हळू चालत. आवाज चढवला नाही. साहेब ताटावरून उठून आले होते, हात तसाच खरकटा.

"पाळकसाहेब, आमी काय म्हणलो होतो? गडी शेंदून देईल म्हणलो होतो का न्हाई?"

"चूक झाली, माणिकराव."

"ही बाई कोणाची, ते आता समजलं आमाला. हिचा भाऊ माझ्या साडूकडं सालदार हाय."

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. साहेब म्हणाले, अहो, ह्या गोष्टीत प्रभू स्वतः तिच्या हातचं पाणी मागतो, तेवढ्यासाठीच तर हा सिनेमा आहे.

माणिकराव हसले. "पेऊ द्या की. तुमचा देव हाय, त्याला पचंल. आमी देव न्हाई. आमाला ह्याच मुलखात लेकी द्यायच्यात अन् सुना आणायच्यात."

मग अटी झाल्या. आड उपसायचा, गोमूत्र शिंपडायचं, नारळ फोडायचा. बाईने तासाभरात शीव सोडायची. आणि पारावर सगळ्यांसमोर माफी. एवढं झालं तर उरलेलं शूटिंग करा.

साहेबांनी मला शाळेमागे नेलं. मला वाटलं रागावतील. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी इथे भांडलो तर संध्याकाळी जीपमध्ये बसून नगरला जाईन. वस्तीतली घरं कुठे जातील? त्या भिंती बघितल्यास ना?" ते खरंच होतं. मग म्हणाले, "आणि सिनेमा अर्धा राहिला तर प्रभूचं वचन कोणापर्यंतच जाणार नाही." तेही खरं असेल. साहेबांचे आजोबा जालन्याकडच्या एका गावाच्या वेशीबाहेरच्या वस्तीतूनच मिशनमध्ये आले होते. ते त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी तो विषय त्यांनी काढला नाही.

पारावर आधी मी बोललो. हात जोडून म्हणालो, मी लांबचा माणूस, कोकणातला, मला इथली पद्धत माहीत नव्हती. एका म्हाताऱ्याने मान हलवली. मला हायसं वाटलं.

माणिकराव म्हणाले, "बरं. ह्याला म्हाईत न्हवतं. तिला तर म्हाईत होतं ना?"

सगळ्यांनी सुगंधाबाईंकडे बघितलं. तोंड उघडून मी एवढंच म्हणायला हवं होतं, की बाईंनी विचारलं होतं, मीच म्हणालो विचारायची गरज नाही. एका वाक्याचं काम. पण मग दोष सगळा माझा, आणि माझा म्हणजे साहेबांच्या युनिटचा. नोकरी, खोली, मेस. मी साहेबांकडे बघितलं. साहेब जमिनीकडे बघत होते. मी गप्प राहिलो.

साहेब म्हणाले, बाई, माफी मागा आणि जीपमध्ये बसा.

सुगंधाबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. साहेबांना म्हणाल्या, "तुमीच शिकवलं मला, गोष्टीतल्या त्या बाईनं घडा तिथंच टाकला अन् गावात जाऊन समद्यांला सांगितलं, चला बघायला. मी कोणत्या गावात जाऊन सांगू, साहेब?"

माफी त्यांनी मागितली नाही. लुगडं सिनेमाचं होतं. शाळेच्या खोलीत जाऊन त्यांनी ते बदललं, घडी घालून ठेवलं आणि जीपमध्ये न बसता चालत गेल्या.

शेतावरून डिझेल इंजिन आणलं. संध्याकाळपर्यंत आड उपसत होते. नारळ साहेबांनी स्वतः दिला. उरलेले शॉट साहेबांच्या भाचीवर घेतले, पाठमोरे, त्याच लुगड्यात. सिनेमा बघितलात तर चेहरा सुगंधाबाईंचा आहे, पाठ दुसरीची. कोणाच्या लक्षात येत नाही.

सुगंधाबाईंच्या भावाचं साल दोन दिवसांत मोडलं. तो बायकापोरांना घेऊन येलदरीला धरणावर मासे धरायच्या कामाला गेला असं कळलं. सुगंधाबाईंनी दवाखाना सोडला. साहेबांनी माणूस पाठवला होता, त्या भेटल्या नाहीत. सिनेमा परभणी जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी लागला. त्यांच्या सासरच्या गावात नाही लागला. तिथे वातावरण बरं नाही, असं ठरलं.

मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एका पट्टीवर आणताना, पोहऱ्याचा आवाज आला आणि साहेबांनी टेप थांबवायला सांगितली. परत ऐकला. डोळे मिटून छोटी प्रार्थना केली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ह्या आवाजाने सीन उभा राहिला रे. मी म्हणालो, थँक्यू साहेब. मनापासून म्हणालो. त्यानंतर अकरा वर्षं मी त्यांच्याकडे काम केलं.

आता नवी मुलं वाइल्ड ट्रॅक कसा घ्यायचा ते विचारतात. मी सांगतो, माइक कुठे ठेवायचा, लेव्हल किती ठेवायची. शेवटी सांगतो, आवाज दुसऱ्याच्या हातून काढायचा असेल तर तो माणूस का थांबला ते आधी विचारा, आणि विचारायचं राहिलं तर निदान पारावर खरं बोला. मुलं लेव्हल तेवढी लिहून घेतात.