वाकलेली मान सरळ केली त्याची हकीगत

दत्तू, सरूचं वर्षश्राद्ध उरकून तू मला एसटीत बसवलंस तेव्हा बेंजो पार्टीची पोरंही स्टँडवर आली होती. माझा बेंजो मी त्यांच्या हवाली केला. वाजवायची इच्छाच मेली होती. गाडी हलली तसा तू ओरडलास, "दादा, लेकीच्या दारात किती दिवस काढणार? गणपती झाले की माघारी ये!"

नेरूळला दिवस सरता सरत नव्हता. गावात सरूशिवाय घर खायला उठायचं, इथं फ्लॅटच्या भिंती. सुमनला सांगून टाकलं, गणपतीपर्यंत करमलं तर ठीक, नाहीतर चाललो.

मग तिनं माळ्यावरून जावयाची कॉलेजातली इलेक्ट्रिक गिटार काढली. "बाबा, ही आता तुमची."

अरे, काय सांगू! तारेला हात लागला आणि अंगात वीज शिरली. बेंजोच्या तारा आपण एका सुरात लावतो, तशा मी सहाच्या सहा आवळल्या. एक ताडकन तुटली, बाकीच्यांनी ओढून गिटारीची मान धनुष्यासारखी वाकवली. तारा एवढ्या वर गेल्या की दाबताना बोटं सोलली.

वाशीतला वाद्यांचा दुकानदार हसला. "आजोबा, बाण मारायचाय का? सहा तारांचे सूर वेगवेगळे असतात. ठेवून जा, करून देतो."

मी म्हटलं, आमचा बाप सांगायचा, बैल आणि वाद्य दुसऱ्याच्या हाती सोपवू नये. मलाच शिकव.

दत्तू, त्या मानेच्या पोटात लोखंडी सळई असते! तिला वाकडी चावी लावून पाव फेरा पिळायचा, तारा सुरात आणायच्या, एक डोळा मिटून मान बघायची. मग पुन्हा पाव. आडदांडपणा केला तर सळई गेली. खाली तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला बारके स्क्रू. तार खाली घेतली की बोटाखाली लोणी, जास्त घेतली की खरखर. शेवटी तार मोकळी छेडायची, मग मधोमध दाबून. सूर तोच, फक्त वरचा लागला पाहिजे. नाही लागला तर घोडी मागंपुढं. सगळं कानाचं काम! मला जेवणाची शुद्ध नव्हती. सरू असती तर ताट आपटून म्हणाली असती, "आधी भाकरी गिळा, मग पिळा!"

सगळं जुळलं त्या दिवशी मी स्पीकर फुल केला. सुमन धावत आली, "बाबा, सोसायटी गोळा होईल!" झालीच. सेक्रेटरी वर आला. मला वाटलं, भांडण. तर म्हणतो, "काका, आरतीला वाजवणार का?"

विसर्जनापर्यंत रोज वाजवली.

गणपती गेले तरी सुमन माझ्या जाण्याचं काही विचारेना. मीच म्हटलं, "पुढच्या वर्षीच्या आरत्या बसवायच्यात. कपाटात एक कप्पा मोकळा कर." पोरगी तोंडाला पदर लावून आत गेली.

तेव्हा दत्तू, मी राहायला येत नाही. लोक म्हणतील, लेकीच्या जिवावर पडलाय. म्हणू देत. माझ्या घरात तुझ्या थोरल्याचा संसार मांड. सरूची चूल गार पडलेली मला बघवत नाही. सणाला येईन तेव्हा लांबूनच धूर दिसला पाहिजे.